एक हिसका जास्त

मित्रांनो, झाडाखालून जाताना वरून कर्कश आवाज आला की तुम्ही कानांवर हात ठेवता. तो आवाज माझा असतो. मी एक जुनी, लहानशी, साखळीची करवत आहे. माझ्या पोटात पेट्रोलवर चालणारे इंजिन आहे, पुढे एक लांबट पट्टी आहे आणि त्या पट्टीच्या कडेने दातेरी साखळी धावते. मोठ्या करवती जमिनीवरचे ओंडके कापतात. मी हलकी आहे, म्हणून मला दोराला बांधून झाडावर ओढून घेतात.

माझा जन्म कारखान्यात झाला. वितळलेला हलका धातू साच्यात ओतला आणि तो निवल्यावर माझे अंग बाहेर आले. मग त्या अंगाला भोके पाडली आणि प्रत्येक भोकात आटे कोरले. आटे म्हणजे स्क्रूला जे गोल गोल वळसे असतात ना, तेच भोकाच्या आतल्या बाजूला. त्या वळशांत वळसे अडकतात म्हणून स्क्रू धरून राहतो. माझ्या कुशीत अशाच आट्यांत एक पोलादी खुंटी बसवलेली आहे. पट्टी तिच्यात अडकवायची, वरून झाकण लावायचे आणि एका नटाने आवळायचे. मोठ्या करवतींना अशा दोन खुंट्या असतात, मला एकच. खुंटी पोलादाची आणि ती जिथे रुतते ते माझे अंग मऊ. हे ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल.

दुकानातून मला एका बाईंनी घेतले. लोकांच्या अंगणातल्या, शाळांच्या आवारातल्या आणि रस्त्याकडेच्या झाडांच्या फांद्या छाटणे हे त्यांचे काम. लोक त्यांना फांदीवाल्या ताई म्हणत. उंचीला बेताच्या, पण झाडावर अशा चढत की खालची माणसे बोलता बोलता थांबत. त्यांनी माझे नाव तुडतुडी ठेवले. कापायच्या आधी त्या फांदीवर तळहात ठेवून थोडा वेळ उभ्या राहत. मग मला सुरू करत. काम संपले की माझी साखळी पुसत, दाते घासत, झाकणाआडचा भुसा जुन्या दाढीच्या ब्रशने काढत. नट आवळताना दोन बोटांत पाना धरत. हाताला अडल्यासारखे वाटले की तिथेच सोडून देत.

त्यांचे यजमान खुर्च्यांच्या आणि पलंगांच्या गाद्या शिवत. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचे काम चाले आणि मागच्या पडवीत माझी फळी होती. सगळे त्यांना गादीवाले म्हणत, मीही तेच म्हणते. खुर्चीच्या चौकटीवर गादीखाली जे पट्टे ताणून ठोकतात, त्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पट्टा ताणून झाला, आता आणखी ताणत नाही असे वाटले, की ते वरून आणखी एक हिसका देत आणि मगच खिळा मारत. "गादीवाल्यांनी ओढलेला पट्टा," गिऱ्हाइके म्हणत, "बसणारा जाईल, पण ढिला होणार नाही."

माझ्याकडे मात्र ते फिरकत नसत. एकदा माझा नट तपासायला त्यांनी हात पुढे केला, तर बाई म्हणाल्या, "अहो, तुमचा हात राहू द्या. तिच्यावर कुणी बसणार नाहीये."

त्या दिवसांत माझे फार कौतुक झाले. वादळानंतर रस्ते मोकळे केले, दवाखान्याच्या छपरावर टेकलेले झाड अलगद उतरवले. लोक चहा आणून देत आणि विचारत, एवढ्याशा मशीनने हे सगळे झाले?

मग बाई आजारी पडल्या. आधी फळीपर्यंत यायच्या, मला पुसून जायच्या. मग पडवीच्या दारापर्यंत. मग आल्या नाहीत. एके दिवशी घरात बरीच माणसे आली, चपलांचा आवाज झाला आणि नंतर कितीतरी दिवस कसलाच आवाज झाला नाही. पुढच्या खोलीतला हातोडाही थांबला होता. माझ्या टाकीतले पेट्रोल आटून चिकट झाले, दातांवर गंज चढला, झाकणावर कोळ्याने जाळे केले. माझ्यावर कुणी राग धरला नव्हता. माझ्याकडे बघणे कुणाला झेपत नव्हते, एवढेच.

मला खाली काढले ते त्यांच्या लेकीने. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. एका सुटीच्या दिवशी तिने मला खोलले, धुतले, आईच्या हाताखाली पाहून पाहून शिकलेले सगळे करून मला पुन्हा सुरू केले. आवाज ऐकून गादीवाले पडवीत आले.

"हे काय?"

"दुकानात सांगून आले, बाबा. आईची कामं मी करणार. लोक अजून विचारतात."

"लोकांना विचारायला काय जातं? पंख्याखालची नोकरी सोडून माकडासारखं झाडावर?"

"आई होती तेव्हा माकड नाही म्हणालात."

गादीवाले आत निघून गेले. पण मनातून ते शब्द गेले नसावेत, कारण दुसऱ्या दिवसापासून एक नवीनच गोष्ट सुरू झाली.

रोज सकाळी लेक चहा प्यायला आत गेली की ते हळूच पडवीत येत. दोर हाताने चाचपत, गाठी ओढून बघत. मग माझ्याकडे वळत, पाना लावत आणि तिने नीट आवळलेल्या नटाला वरून आणखी एक हिसका देत. आयुष्यभर या एका हिसक्यावर त्यांच्या खुर्च्या टिकल्या होत्या. लेकीचा जीवही त्यावरच टिकेल असे त्यांना वाटत होते. मित्रांनो, त्यांच्या हाताला किती घाम येई ते मला ठाऊक आहे. लाकडाची चौकट असा हिसका सोसते. मऊ धातूच्या अंगात मात्र रोज एकेक वळसा आतल्या आत चेंगरत होता आणि मला ते सांगता येत नव्हते.

एका सुटीच्या दुपारी लेक बाहेर गेली असताना त्यांनी पाना लावला आणि तो नुसताच फिरला. पुन्हा फिरवला, पुन्हा फिरला. त्यांनी नट धरून ओढला तर खुंटीच बाहेर आली. तिच्यावर माझ्या अंगातले आटे बटाट्याच्या सालीसारखे गुंडाळून आले होते.

ते खुंटी हातात घेऊन खाली बसले. मग उठले आणि आपल्या खोलीत जाऊन त्यांना जे येत होते ते घेऊन आले. बारीक सुतळी खुंटीवर घट्ट गुंडाळली, खुर्च्यांच्या सांध्यांना लावतात तो सरस गरम करून लावला आणि खुंटी परत माझ्या कुशीत ठोकली. सकाळपर्यंत ती दगडासारखी बसली. त्यांनी हलवून पाहिली, हलली नाही. लेकीला त्यांनी काही सांगितले नाही. सांगणार तरी काय होते? तुझ्या काळजीपोटी तुझे मशीन मोडले म्हणून?

त्या दिवशी काम टपाल कचेरीच्या मागच्या आवारात होते. एक मोठी वाळकी फांदी तिथल्या पत्र्यावर वाकली होती. लेकीने कमरेला दोर बांधला, वर चढली, मला ओढून घेतले आणि सुरू केले. पहिली लहान फांदी पडली. दुसरी पडली. माझे अंग तापू लागले आणि कुशीत काहीतरी सैल झाल्यासारखे वाटू लागले. पट्टी किंचित डुलत होती. साखळी निसटली तर ती कुणाच्या अंगावर जाईल, हे मला माहीत होते.

इकडे घरी गादीवाले एक जुनी खुर्ची दुरुस्तीला घेऊन बसले होते. तिचा पाय सुटा करायचा होता. जुना सरस सोडवायची त्यांची रीत एकच, सांध्याला ऊब द्यायची. त्यांनी गरम फडके लावले, थोडा वेळ धरले आणि पाय अलगद हातात आला. तो हातात आल्यावर त्यांना उमजले की आपण काय करून बसलो. हे त्यांनी पुढे लेकीच्या मामांना सांगितले, तेव्हा मी ऐकले.

आम्हाला दिसले ते एवढेच, की एक म्हातारा माणूस पोटाला कामाचे फडके तसेच बांधलेला, अनवाणी, कचेरीच्या फाटकातून धावत येतो आहे. ते खालून ओरडत होते, पण माझ्या आवाजापुढे आणि लेकीच्या कानांवरच्या, आवाज अडवणाऱ्या पट्ट्यापुढे त्यांचे काय चालणार? शेवटी मला ज्याने वर घेतले होते तो दोर त्यांनी धरून ओढला.

लेकीने मला बंद केले. "बाबा, दोर सोडा. मी वर आहे."

"माहीत आहे. खाली ये."

"झालं काय? अनवाणी का आलात?"

"मशीन परत सुरू करू नको. खाली ये, मग सांगतो."

ती उतरली. मग त्यांनी माझ्या नटाकडे नुसते बोट केले. लेकीने पाना लावून जरा ओढले तशी खुंटी बाहेर आली. तिच्यावर ओली, तपकिरी सुतळी लोंबत होती.

तिने सुतळीला बोट लावून पाहिले. "हे कधी केलंत?"

"काल. सुतळी कालची. आवळणं रोजचं."

"रोजचं म्हणजे?"

"तू चहा पितेस तेवढ्यात."

"आई असताना पण?"

"नाही. तिच्या हातावर माझा भरवसा होता."

"आणि माझ्या हातावर नाही."

"तुझ्या हातावर आहे गं," गादीवाले म्हणाले. "माझ्या नशिबावर नाही."

लेकीने मला पिशवीत घातले, दोर गुंडाळला आणि आपल्या चपला काढून बापापुढे सरकवल्या. "घाला. माझ्या पायात बूट आहेत." मग ती पुढे आणि ते मागे, असे आम्ही मामांच्या दुरुस्तीच्या कारखान्यात गेलो.

मामा म्हणजे बाईंचे धाकटे भाऊ. गाड्या आणि इंजिने दुरुस्त करणारे. त्यांनी खुंटी नाकाशी नेली, वास घेतला आणि मेहुण्याकडे पाहिले.

"दाजी, सरस?"

"हो."

"आणि सुतळी. मग थोडा कापूस भरून वरून शिवूनच का नाही टाकलंत?"

मामांनी माझ्या कुशीत बारीक दिवा धरून आत पाहिले. "आटे पार गेलेत. भोक मोठं करायचं, नवे आटे मारायचे आणि आत पोलादी तारेचं वेटोळं बसवायचं. ही खुंटी त्या वेटोळ्यात बसते. पण मागे लगेच ऑइलची टाकी आहे. ड्रिल जरा पुढे गेला की टाकीला भोक. मग ही भंगारात."

"आणि नीट गेला तर?" लेकीने विचारले.

"तर तुला त्रास देत राहील. वेटोळं माझ्याकडे नाही. जा भाचीबाई, कोपऱ्यावरच्या दुकानातून घेऊन ये. ही खुंटी दाखव, त्याच मापाचं."

ती गेली. मामांनी माझे पेट्रोल आणि ऑइल काढले, गरम पाण्याचा बोळा फिरवून सरस पुसून काढला. गादीवाले दाराकडे बघून जवळ आले.

"ऐक ना. तिला सांग, होत नाही म्हणून."

"काय होत नाही?"

"दुरुस्त. तू सांगितलंस तर ऐकेल. चष्म्याच्या दुकानातले परत घेतील तिला, मी विचारून आलोय."

मामांचा बोळा फिरत राहिला. "माझ्या बहिणीला कधी म्हणालात, चढू नको?"

"म्हणालो की. लग्नानंतर वर्षभर रोज म्हणालो."

"मग?"

"मग काय? तुझ्या बहिणीने कधी ऐकलंय कुणाचं?"

मामा थोडे हसले. मग म्हणाले, "ती झाडावरून नाही गेली, दाजी."

"नाही."

"पलंगावर गेली. तुम्ही शिवलेल्या गादीवर."

"तेच तर," गादीवाले म्हणाले. "जिथली भीती कधी वाटली नाही तिथून गेली. आता मी कुठं कुठं बघू?"

मामांनी बोळा खाली ठेवला. "मी पोरीशी खोटं बोलणार नाही. पण मोडायची असेल तर तुमच्या हाताने मोडा, मी अडवणार नाही." त्यांनी मला शेगड्यात, म्हणजे टेबलाला बसवलेल्या पकडीत, पक्के धरले, भोकावर एक जाड ठोकळा बांधला म्हणजे ड्रिल तिरका जायला नको, आणि ड्रिलच्या पात्याला लाल टेप गुंडाळला. विजेचा ड्रिल बाजूला सारून हाताने फिरवायचा ड्रिल पुढे केला. "मऊ धातू आहे, सावकाश फिरवा. लाल टेप ठोकळ्याला टेकला की थांबायचं. त्यापुढे टाकी." एवढे बोलून ते बाहेर एका गिऱ्हाइकाशी बोलायला गेले.

मित्रांनो, त्या खोलीत आम्ही दोघेच उरलो. गादीवाल्यांनी ड्रिल फिरवायला सुरुवात केली. माझ्या अंगाचा चुरा चांदीसारखा खाली पडू लागला. जुने, चेंगरलेले आटे निघून गेले. पाते सरळ चालले होते. हळूहळू लाल टेप खाली आला आणि ठोकळ्याला टेकला.

हात थांबला, पण ड्रिल बाहेर आला नाही. टाकीची पातळ भिंत पात्याच्या अगदी पुढे होती. अजून दोन-चार फेरे मारले असते, तर कुणालाही कळले नसते. चूक झाली, वय झाले, हात घसरला, असे सगळ्यांनी मानले असते. लेकीनेही मानले असते, आणि ती निदान काही दिवस तरी जमिनीवर राहिली असती. ते बाप होते. मी धातूची वस्तू आहे, त्यांना नावे ठेवणारी मी कोण? त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. जन्मभर त्यांचा हात घट्ट झाल्यावर आणखी एक हिसका द्यायला शिकला होता, आणि आता त्याच हाताने नुसते थांबायचे होते.

त्यांनी ड्रिल उलटा फिरवला आणि बाहेर काढला.

मामा आत आले. त्यांनी भोकात काडी घालून खोली पाहिली. टॅपला, म्हणजे आटे कोरायच्या हत्याराला, ग्रीस लावले आणि तेही मेहुण्याच्याच हातात दिले. "अर्धा फेरा पुढे, थोडा मागे. चुरा ग्रीसला चिकटून येईल. जबरदस्ती करायची नाही." लेक परतली तेव्हा तिचे बाबा वाकून माझ्या अंगात नवे आटे कोरत होते. तिने पिशवी टेबलावर ठेवली आणि काही न विचारता उजेडाचा दिवा जवळ धरला.

मग तारेचे वेटोळे आत गेले. ते वळणावळणाने माझ्यात उतरले आणि खाली टेकले. मामांनी त्याचे बसवण्यापुरते असलेले टोक मोडून चिमट्याने काढून घेतले, खुंटीला पकडून ठेवणारे औषध लावले आणि ती फिरवत बसवली. ते वाळेपर्यंत तिघे चहा पीत बसले. नंतर लेकीने स्वतः पट्टी चढवली, झाकण लावले, नट आवळला.

"पक्कं?" तिने विचारले.

"आधीपेक्षा पक्कं," मामा म्हणाले. "आधी पोलाद मऊ धातूत होतं, आता पोलादात पोलाद आहे."

परतताना वाटेत गादीवाले म्हणाले, "मी तुझ्या मामाला खोटं बोलायला सांगत होतो. दुरुस्त होत नाही म्हण, म्हणून."

लेक चालत राहिली. "मग झाली कशी दुरुस्त?"

"नाही म्हणाला तो."

"मामा म्हणाला, भोक तुम्ही पाडलंत."

"हो."

घर आल्यावर ती म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर या. खाली पडलेल्या फांद्या गोळा करायला माणूस लागतो."

"मला नाही बघवणार, तू वर असताना."

"घरी बसून बघवतं?"

मित्रांनो, ते आले. टपाल कचेरीतली ती वाळकी फांदी आम्ही उतरवली तेव्हा ते खाली उभे होते. सुरुवातीला त्यांची मान खाली होईना. फांद्या पायाशी पडत आणि ते वरच बघत राहत. लेक ओरडे, "बाबा, हात चालवा," तेव्हा कुठे वाकत. पुढे त्यांनी फांद्यांच्या मोळ्या बांधायला घेतल्या. त्या मोळ्या गाडीत फेकल्या तरी सुटत नसत. लोक विचारू लागले, या मोळ्या कुणी बांधल्या? लेक म्हणे, आमच्या बाबांनी. माझा नट मात्र आता फक्त तीच आवळते. ते शेजारी उभे राहून बघतात आणि हात मागे बांधून ठेवतात.

मधे बरेच दिवस गेले. एका दुपारी एका जुन्या बंगल्याच्या आवारात आम्ही उंचावर काम करत होतो. मी भरात होते, भुसा उडत होता. लेकीने खाली पाहिले आणि एकदम मला बंद केले. मला वाटले, माझेच काही बिघडले. मग मीही पाहिले. गादीवाले पाल्याच्या ढिगावर डोके टेकून, तोंड उघडे टाकून गाढ झोपले होते. माझा एवढा कर्कश आवाज डोक्यावर चालू असताना.

आवाज थांबला तशी त्यांना जाग आली. "काय झालं गं?"

"काही नाही, बाबा. झोपा तुम्ही."

तिने मला पुन्हा सुरू केले आणि त्यांनी कूस बदलली.

मित्रांनो, मी म्हातारी झाले आहे. माझी काळजी घ्या, दाते घासा, काम झाल्यावर भुसा काढा, हाताला अडले की नट आणखी आवळू नका. हे मी सांगितले नाही तरी कुणीतरी सांगेलच. मला वेगळेच सांगायचे आहे. तुमच्या घरातही तुम्ही बाहेर पडण्याआधी कुणीतरी तुमच्या नकळत कसलातरी नट आवळत असेल. तो आवळू देऊ नका. पण त्या माणसावर रागावूही नका. एक दिवस त्याला तुमच्याबरोबर कामावर न्या आणि तुमच्या झाडाखाली बसवा.